आता एकच उरली

ताईची भावजय समाजाची अध्यक्ष म्हणून निवडून आली, तेव्हा ही गोष्ट वहीत लिहायचं काम ताईकडेच आलं. तेवीस वर्षं ती समाजाच्या कचेरीत लेखनिक होती. जन्म, लग्नं, मृत्यू आणि सोडचिठ्ठ्या अशा चार वह्या, कमिटीच्या सभांचं इतिवृत्त, येणारं टपाल, जाणारं टपाल, सगळं तिच्या हातचं. अक्षर असं, की छापखान्यातल्या माणसानेही मान डोलवावी. त्या अक्षरात तिने लिहिलं, 'अकरा विरुद्ध चार मतांनी', आणि पुढे भावजयीचं नाव. लिहिताना पेनचं टोक कागदात रुतलं आणि शेवटच्या अक्षराखाली शाईचा थेंब पसरला. तेवीस वर्षांत वहीवर पडलेला तो पहिला डाग.

समाज लहानसा. ज्यूंची पावणेदोनशे घरं, एक सिनॅगॉग म्हणजे प्रार्थनामंदिर, त्याच्या मागे शाळा आणि शाळेला लागून कचेरी. एका घरात शिंक आली तर चौथ्या घरातून 'जपून हो' ऐकू यावं, इतकी जवळीक. त्या समाजाच्या प्रमुखपदी आजवर बाई कधी बसली नव्हती. ताईचे वडील सतरा वर्षं अध्यक्ष होते. त्यांच्यामागून दोघे पुरुष झाले. दोघांची पत्रं ताईने लिहिली, दोघांची भाषणं ताईने लिहिली, आणि एकाने सभेत घातलेला घोळ तर 'माझ्याच लिहिण्यात चूक झाली' असं म्हणून स्वतःच्या अंगावरही घेतला. पुढेमागे एखादी बाई त्या खुर्चीवर बसणारच असेल तर ती कोण, हे तिच्या मते उघड होतं. कोणाला तसं बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच काय ते. आणि बसली कोण, तर कानामागून आली नि तिखट झाली, ती भावजय!

ही भावजय प्रसूतिगृहात नर्स होती. एकवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा दोन पेट्या, एक स्टेथोस्कोप आणि तोंडभर हसू घेऊन आली. आल्या आठवड्यात तिने सासूची गुडघेदुखी कह्यात आणली. महिन्याभरात सासरे तिला विचारल्याशिवाय औषधाची गोळी घेईनासे झाले. आई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली, तेव्हा पाणी पाजायला उशाशी ताई बसलेली असायची आणि आई विचारायची, "सून आली का गं ड्यूटीवरून?" ताई म्हणायची, "येईल." आणि पेला जरा जोरातच खाली ठेवायची.

धाकट्या भावाचं तर बोलूच नका. त्याची बायको म्हणजे जगातलं आठवं आश्चर्य. "ताई, तुला सांगतो, हिने आज काय केलं..." अशी त्याची सुरुवात झाली की ताईला धुवायचे कपडे आठवायचे.

आता, ताई त्या घरात का होती, तेही सांगायला हवं.

तिचं लग्न एकोणिसाव्या वर्षी एका घड्याळजीशी झालं. माणूस देखणा, हात हलका, बोलणं गोड. तीन वर्षांनी तो म्हणाला, परदेशात या धंद्याला मोठी मागणी आहे, बस्तान बसलं की तुला बोलावतो. दोन पोस्टकार्डं आली. तिसरं आलं नाही. पुढे कोणीतरी कुठूनतरी ऐकून आलं, की त्याचं बस्तान बसलंय, छान बसलंय, आणि त्यात दुसरी बाईही बसलीय.

ज्यूंच्या धर्मकायद्यात लग्न मोडायचं तर नवऱ्याने रब्बींसमोर, म्हणजे धर्मगुरूंसमोर, स्वतःहून बायकोला सोडचिठ्ठी द्यावी लागते. सरकारी कोर्टाने शंभरदा घटस्फोट मंजूर केला, तरी सिनॅगॉगच्या लेखी ती त्याचीच बायको राहते. त्याने चिठ्ठी दिली नाही तर तिला दुसरं लग्न करता येत नाही. तो कुठे आहे, आहे की गेला, हे कळलं नाही तरीही नाही. अशा बाईला 'बांधलेली' म्हणतात. बावीस वर्षांची ताई बांधली गेली ती कायमचीच. तिने वडिलांना एकदा विचारलं होतं, "बाबा, तिकडच्या रब्बींना पत्र घालाल का?" वडील तेव्हा अध्यक्ष. ते म्हणाले, "घालतो. पण थोडं थांब. आपल्याच घरचं असं चव्हाट्यावर आणलं, तर उद्या मी दुसऱ्यांना काय तोंडाने सांगणार?" थोडं थांबण्यात त्यांचा जन्म गेला. पोरीला काहीतरी उद्योग हवा म्हणून त्यांनी तिला कचेरीत बसवलं, आणि चार वह्या हातात दिल्या.

भावजय अध्यक्ष झाली आणि तिने पहिलं काम काय केलं, तर सिनॅगॉगच्या जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी केली. मोडक्या बाकांच्या जागी एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या, आणि दर मंगळवारी दुपारी ती तिथे बसू लागली. समाजातल्या बायकांनी यावं आणि बोलावं. मारहाण, माहेरचा छळ, सासरचा छळ, मुलीची शाळा बंद केली, काहीही. कमिटीतले एक वयस्क सभासद म्हणाले, "बायका बोलायला लागल्या तर दुपार पुरायची नाही." ती म्हणाली, "मग बुधवारीही बसते." बायकांना सभेत मत मिळालं ते तिच्यामुळे. आणि बांधलेल्या बायकांसाठी तर तिने अक्षरशः रान उठवलं. चिठ्ठी न देणाऱ्या नवऱ्याचं नाव सिनॅगॉगच्या दाराशी फळ्यावर लागायचं. त्याला प्रार्थनेत मान नाही, त्याच्या घरच्या समारंभाला समाजाचं कोणी नाही, आणि रस्त्यात भेटला तर अध्यक्षबाई मोठ्याने विचारणार, "काय हो, कधी देताय?" अडीच वर्षांत पाच बायका सुटल्या. त्यातली एक बाई तर चौदा वर्षं अडकलेली होती.

पाचही सोडचिठ्ठ्यांची नोंद ताईने केली. प्रत्येक वेळी ती बाई कचेरीत यायची, सही करायची, रडायची, हसायची, आणि मग ताईच्या टेबलावरून हात पुढे नेऊन मागे उभ्या असलेल्या अध्यक्षबाईचे हात धरायची. मधे बसलेली ताई शाई वाळायची वाट बघायची. बोट दाखवावं असं कोणी काही वाईट केलेलं नव्हतं, आणि तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भावजयीचा हेवा तर होताच, पण त्या पाचजणींचाही होता. यांच्यासाठी कोणीतरी भांडलं. यांच्या वेळी खोली होती, फळा होता, ही बया होती. आपल्या वेळी काय होतं? 'थोडं थांब.'

एकदा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येऊन गेला. दुसऱ्या दिवशी पानभर लेख आला, वर अध्यक्षबाईचा मोठा फोटो, हसतमुख. शेजारी ताई बसलेली होती, पण फोटोत तिचं फक्त कोपर आलं होतं. भावाने पेपर टेबलावर पसरला आणि कौतुकाने म्हणाला, "ताई, तूही आलीयेस बघ!" ताई म्हणाली, "हो. माझं कोपर फार सुंदर आहे, असं सगळे म्हणतात." भाऊ बिचारा हसला. त्याला तो विनोद वाटला.

मग त्या वर्षीची सर्वसाधारण सभा आली. शाळेच्या मोठ्या वर्गात खुर्च्या मांडलेल्या, दीडशे माणसं, मागे उभी राहिलेली वेगळी. ताई नेहमीप्रमाणे व्यासपीठाच्या कडेला छोट्या टेबलाशी इतिवृत्त लिहीत होती. भावजय बोलायला उठली. ती छान बोलायची, कागद न बघता, जणू समोरच्या एकेकीला वेगळं सांगतेय अशी.

"मी हे काम हाती घेतलं तेव्हा आपल्या समाजात सोडचिठ्ठीविना अडकलेल्या सहा बायका होत्या," ती म्हणाली. "पाच सुटल्या. आता एकच उरली. तिला सोडवलं, की आपल्याकडे बांधलेली बाई एकही राहणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या रांगेत बसलेल्या शिलाईवालीकडे सगळ्यांनी वळून पाहिलं. एकोणतीस वर्षांची पोर, चार वर्षांपूर्वी नवरा सोडून गेला होता. तिने ओढणीने डोळे पुसले.

ताईचा हात लिहीत होता. 'आता एकच उरली.' लिहून झालं, पूर्णविराम दिला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय लिहिलं. दीडशे माणसांत एकालाही सातवी आठवली नाही. भाऊही जोरजोरात टाळ्या वाजवत होता. जिने सव्वीस वर्षं सगळ्यांच्या नोंदी ठेवल्या, ती कोणाच्याच मोजणीत नव्हती.

दोन दिवसांनी, महिन्याच्या अकरा तारखेला, बंदराच्या शहराहून पत्र आलं. टपाल ताईच उघडायची. अध्यक्षबाईंनी चौकशी केली होती, तिला उत्तर म्हणून तिथल्या रब्बींनी लिहिलं होतं, की शिलाईवालीचा नवरा इथे चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासतो. बावीस तारखेच्या बोटीने तो कायमचा परदेशी चालला आहे. गेला की हाती लागणं कठीण. सध्या त्याचं मन थोडं मऊ झालेलं दिसतं, कोणी येऊन नीट बोललं तर चिठ्ठी देईलही. मात्र अध्यक्षबाईंनी स्वतः येऊ नये, कारण फळ्यावर नाव लावल्यापासून त्यांचं नाव निघालं तरी तो पेटतो.

ताईने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि मृत्यूंच्या वहीत ठेवलं. लपवायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं. संध्याकाळी घरी देऊ, एवढंच मनात होतं. संध्याकाळी घरी भावजयीला भेटायला तिघीजणी बसल्या होत्या आणि सभेतलं भाषण किती छान झालं ते सांगत होत्या. ताई म्हणाली, उद्या देऊ. उद्या भावजय म्हणाली, "ताई, त्या इतिवृत्ताची प्रत जरा लवकर कराल का?" आणि ताईने मनाशी म्हटलं, करते हं, सगळं तुझ्या सोयीनेच करते. मग तेरा झाली, चौदा झाली. एकदा थांबलेली गोष्ट आपोआप थांबतच जाते. आणि कारणं काय, मागाल तेवढी सापडतात. शिवाय रोज सकाळी भावजय घाईघाईने डोकावून विचारायची, "बंदराकडून काही?" आणि ताई मान वर न करता म्हणायची, "काही नाही." ते म्हणताना तिला जो गारवा वाटायचा, तो तिने पूर्वी कधी अनुभवला नव्हता. या एका गोष्टीत तरी अध्यक्षबाई तिच्या हाताखाली होती.

वीस तारखेला सकाळी शिलाईवालीच कचेरीत आली. बोटाला सुई टोचल्याची पट्टी, खांद्यावर मोजपट्टी तशीच लटकलेली. कामातून उठून आली होती. तिला ताईची एक चादर शिवून द्यायची होती, ती दिली आणि जायच्या ऐवजी बसली.

"ताई, तुम्हाला एक सांगू?"

"सांग की."

"मी मास्तरांना नकार देणार आहे." शाळेतल्या मास्तरांनी तिला मागणी घातली होती, दोन वर्षं ते थांबले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "किती वर्षं त्यांना टांगून ठेवू? अध्यक्षबाई धीर देतात, पण मला आता आशा करायचाच कंटाळा आलाय. मग तुमच्याकडे बघते. तुम्ही कशा राहिलात! कोणाकडे तक्रार नाही, कोणावर राग नाही. शांत. मी आईला म्हटलं, ताईंना जमलं तर मलाही जमेल. मलाही कचेरीत काहीतरी काम द्या ना, तुमच्या हाताखाली."

ताईने तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर खरोखरीचा आदर होता. ती ताईचं आयुष्य मागायला आली होती, एखाद्या कपड्याचा नमुना मागावा तसं.

"तुला कोणी सांगितलं मला राग येत नाही म्हणून?" ताई म्हणाली. आवाज इतका घोगरा निघाला, की पोर दचकली. "मला सकाळी उठल्यापासून राग येतो. हे जमलेलं नाहीये मला. हे असं कोणालाच जमत नाही. जा, मशीनवर बस आपल्या. मास्तरांना आजच्या दिवस काही बोलू नकोस."

पोर गेली. ताईने मृत्यूंची वही उघडली, पत्र काढलं, कचेरीला कुलूप लावलं आणि सरळ प्रसूतिगृह गाठलं.

दुपारचे बारा वाजले होते. बाळंतिणींच्या वॉर्डात ओल्या कपड्यांचा आणि औषधाचा वास होता. भावजय एका बाळाला वजनाच्या काट्यावर ठेवत होती, आणि ते बाळ काटा फोडेल असं रडत होतं.

"ताई? तुम्ही इथे कशा? घरी ठीक आहे ना सगळं?"

ताईने पत्र पुढे केलं. भावजयीने आधी बाळ गुंडाळून आईच्या कुशीत दिलं, हात पुसले, मग पत्र घेतलं. वाचता वाचता तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे आज आलं?"

"अकरा तारखेला."

"म्हणजे टपालवाल्याने..."

"टपालवाल्याने नाही. मी ठेवलं."

भावजयीने तिचा दंड धरून तिला शेजारच्या कपड्यांच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. चहूबाजूंना घडी घातलेल्या चादरींच्या थप्प्या. "नऊ दिवस मी तुम्हाला रोज विचारतेय," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर ताईला बरं वाटलं असतं. "का, ताई?"

"आता एकच उरली, म्हणालीस. भर सभेत. आणि मी तुझ्यापासून दोन हातांवर बसून ते लिहीत होते."

भावजयीचं तोंड उघडं राहिलं. हिला शब्द सापडत नाहीत, असं ताईने चोवीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगायचं तर इतक्या लाजेतही तिला क्षणभर बरं वाटलं.

"चुकलंच माझं," भावजय शेवटी म्हणाली. "पण मी तुम्हाला विचारलं होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. आपण दोघी कपाट आवरत होतो. मी म्हटलं, ताई, माझ्या काकांच्या ओळखीचे तिकडे रब्बी आहेत, लिहू का? तुम्ही म्हणालात, माझ्या संसाराची उठाठेव करायला तुला या घरात आणलेलं नाही. आणि मग तीन महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत."

ते कपाट ताईला आठवलं. त्यातल्या कापराच्या गोळ्यासुद्धा आठवल्या. नवी आलेली, एकवीस वर्षांची, हसरी पोर आपली कीव करतेय, या विचाराने तिच्या तळपायाची आग तेव्हा मस्तकात गेली होती.

"मग पुन्हा विचारायचंस," ती म्हणाली.

"हो. पुन्हा विचारायला हवं होतं. मी घाबरले तुम्हाला, आणि पुढे सवयच लागली. तुम्ही म्हणजे ताई, तुमचं असंच असायचं." तिने डोळे मिटून घेतले. "पण माझा राग त्या पोरीवर का काढलात? ती बोट गेली असती तर?"

ताई रडायला लागली.

"रडू नका. रडायला वेळ नाहीये," भावजय म्हणाली, आणि तिच्यातली नर्स जागी झाली. "मी गेले तर तो चिठ्ठी देणार नाही, उलट गिळून टाकेल. आपल्या रब्बींचे पाय सुजलेत, ते प्रवास करू शकत नाहीत. तुम्ही जा."

"मी?"

"तुम्ही."

वॉर्डातल्या फोनवरून तिने म्हाताऱ्या रब्बींना विचारलं, की नवऱ्याने दिलेली सोडचिठ्ठी बायकोपर्यंत आणायला बाई चालते का. पलीकडून बराच वेळ खोकला ऐकू आला. मग ते म्हणाले, जुन्या कायद्यात स्पष्ट आहे, चालते. फक्त तिने इथे येऊन सांगायला हवं, की माझ्यासमोर लिहिली आणि माझ्यासमोर सह्या झाल्या.

"बघा," फोन ठेवून भावजय म्हणाली, "साक्षीला बाईची सही चालत नाही, पण ओझं वाहायला बाई चालते." नेहमी अशा बोलण्यावर ती हसायची. आज हसली नाही.

एकवीस तारखेला पहाटेच्या गाडीने निघून ताई दुपारी बंदराच्या शहरात पोहोचली. चष्म्याचा कारखाना एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होता. आठ-दहा चाकं फिरत होती, त्यांवर पाण्याची धार, आणि प्रत्येकापाशी एक माणूस भिंग घासत वाकलेला. चष्मेवाला शेवटच्या चाकाशी होता. पस्तिशीचा, किडकिडीत, स्वतःच्याच डोळ्यांवर जाड चष्मा. तिने कुठून आले ते सांगितलं, तसं त्याने चाक थांबवलं नाही.

"त्या फळ्यावाल्या बाईने पाठवलं?"

"हो. ती माझी भावजय."

"मग या तुम्ही. माझं नाव तिने दारावर लावलं. माझी म्हातारी आई रोज त्या दारातून आत जाते."

"ते वाईट झालं," ताई म्हणाली. हे तिने उगाच गोड बोलायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटलं. "पण तू चिठ्ठी का देत नाहीस? तुला ती परत हवीय का?"

तो एकदम म्हणाला, "त्या मास्तरने काय केलंय असं? पुस्तकं वाचून दाखवतो म्हणे तिला. मी तिला कारखान्यात उजेड जाईपर्यंत राबून घर करून दिलं, तेव्हा ती माझ्याशी धड बोलायची नाही. आता त्याच्याबरोबर हसते. लोक येऊन मला सांगतात, की आता ती हसते."

ताई शेजारच्या रिकाम्या स्टुलावर बसली. या माणसाला कसं समजवायचं, याची वाक्यं तिने गाडीत जुळवून ठेवली होती. धर्म, समाज, आईची अब्रू. त्यातलं एकही तिने काढलं नाही.

"हे दुखणं मला माहीत आहे," ती म्हणाली. "दुसऱ्याचं हसू आपल्या घशात काट्यासारखं अडकतं. तुझ्या रब्बींचं पत्र आमच्याकडे अकरा तारखेला आलं. मी ते नऊ दिवस दाबून ठेवलं."

त्याने चाक थांबवलं. "तुम्ही? का?"

"भावजयीचं नाव होईल म्हणून. आणि ती पोर सुटेल म्हणून. मी सुटले नाही ना! माझा नवरा सत्तावीस वर्षांपूर्वी गेला, चिठ्ठी न देता. तू बायकोला बांधून ठेवलंयस असं तुला वाटतं. पहिली पाच वर्षं मीही त्याची आठवण काढली, खोटं कशाला बोलू. मग त्याचा चेहराही पुसला गेला. तेवढी दोरी राहिली. ती दुसऱ्या टोकाला कोणाच्या हातात आहे, हेही आता मला आठवत नाही. उद्या तू बोटीत बसशील. पाच वर्षांनी ती तुला विसरेल, आणि तुझ्यामुळे म्हातारी होईल. यात तुला काय मिळेल, ते मी नऊ दिवस मिळवून पाहिलं. दिवसाला एकदा जरा गार वाटतं. बस, तेवढंच."

तो चष्मा काढून पुसत राहिला. बराच वेळ पुसला. मग शेजारच्या माणसाला म्हणाला, "माझं चाक बघ जरा."

रब्बींच्या घरी पुढच्या खोलीत लेखक बसला होता. त्याने चष्मेवाल्याच्या सांगण्यावरून पिसाच्या लेखणीने सोडचिठ्ठी लिहिली, बरोबर बारा ओळी, एक अक्षर दुसऱ्याला न टेकवता. ताई प्रत्येक अक्षराकडे बघत होती. आयुष्यभर लिहिण्याचंच काम केलेली बाई ती, पण असं जपून लिहिताना तिने कोणाला पाहिलं नव्हतं. दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. चष्मेवाल्याने कागद तिच्या हातात दिला आणि सांगितलेले शब्द म्हटले, की हा माझ्या बायकोकडे ने आणि तिला दे. शेवटी पुस्तकाबाहेरचं एक वाक्य त्याने आपलं आपण जोडलं. "आई जाते त्या दारावरचं माझं नाव तेवढं काढायला सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी सिनॅगॉगच्या मागच्या खोलीत म्हातारे रब्बी, आणखी दोघे जाणते, अध्यक्षबाई आणि शिलाईवाली जमले. रब्बींनी विचारलं आणि ताईने उभं राहून उत्तर दिलं, "माझ्यासमोर लिहिली. माझ्यासमोर सह्या झाल्या." शिलाईवालीने दोन्ही तळवे जोडून ओंजळ केली. ताईने त्यात घडी केलेला कागद सोडला आणि म्हटलं, "ही तुझी सोडचिठ्ठी. आजपासून तू कोणाशीही लग्न करायला मोकळी आहेस." पोरीने कागद छातीशी धरला, आणि मग काय झालं, तर ती धावत गेली आणि अध्यक्षबाईच्या गळ्यात पडली.

ताई तिथेच उभी राहिली, रिकामे हात घेऊन. काटा होता तिथेच होता.

तिने नऊ दिवसांची गोष्ट त्याच आठवड्याच्या इतिवृत्तात लिहिली, तारखांसकट, आणि सभेत स्वतः वाचून दाखवली. गोंधळ उडाला. वयस्क सभासद म्हणाले, हिला कामावरून काढा. सगळ्यांनी अध्यक्षबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "वह्या ताईंकडेच राहतील. त्यांच्याइतकं खरं कोणी लिहीत नाही, हे आत्ता तुम्ही ऐकलंत. पण टपालाची किल्ली त्यांच्याकडे राहणार नाही." ताईने किल्ली काढून टेबलावर ठेवली. अपमान वाटला, आणि तो योग्य होता हेही तिला कळलं. चष्मेवाल्याचं नाव त्याच दिवशी फळ्यावरून पुसलं गेलं. शिलाईवाली मात्र पुढे चार महिने ताईशी बोलली नाही. लग्नाची पत्रिका भावाच्या नावाने आली, 'सहकुटुंब'. त्या कुटुंबात आपण धरलेल्या आहोत का, याचा ताईने आठवडाभर विचार केला, आणि गेली नाही. लग्नाची नोंद मात्र सुरेख अक्षरात केली.

त्यानंतरच्या मंगळवारी भावजय कचेरीत आली आणि म्हणाली, "ताई, जरा जिन्याखाली या."

"लिहायला?"

"लिहायला मी आहे. तुम्ही समोरच्या खुर्चीवर बसा."

त्या खोलीत बायकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर ताई कधी बसली नव्हती. तिचा एक पाय आखूड होता, बसलं की डुगडुगायची. भावजयीने कोरा कागद ओढला. "मी दुसऱ्यांदा विचारतेय. बावीस वर्षं उशीर झालाय, मान्य. नवऱ्याचा व्यवसाय?"

ताईला वाटलं, उठून जावं. मग ती म्हणाली, "घड्याळजी."

"शेवटचा पत्ता?"

तिने सांगितला. तोंडपाठ होता. भावजयीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ताईला ते उलटं बघवेना. "'घ' असा काढतात का? आण इकडे, मी लिहिते."

"नाही," भावजय म्हणाली. "आज तुम्ही फक्त सांगायचं."

चौदा महिने लागले. सहा शहरांतल्या रब्बींना पत्रं गेली, दोनदा चुकीचाच माणूस निघाला. शेवटी तो सापडला, पासष्टीला टेकलेला, हात थरथरणारा, घड्याळं कधीच सोडून दिलेली. त्याने कुरकुर न करता चिठ्ठी दिली. आपण ती दिलीच नव्हती, हे त्याच्या खिजगणतीतही नव्हतं म्हणे.

मागच्या खोलीत ताईने ओंजळ पुढे केली, चिठ्ठी घेतली, सही केली. पन्नाशी उलटलेल्या बाईला आता कुठलं लग्न करायचं होतं? पण बाहेर पायरीवर आल्यावर तिला उगाचच खूप वेळ चालत राहावंसं वाटलं. भावजय तिच्याबरोबर चालत राहिली. कोपऱ्यावर दोन बायका भेटल्या. त्यांनी अध्यक्षबाईचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "धन्य आहे बाई तुमची! नणंदेलाही सोडवलंत!" मग ताईकडे बघून गोड हसल्या आणि गेल्या.

दोघी पुन्हा चालू लागल्या.

"कसं वाटतंय, ताई?" भावजयीने विचारलं.

"तुझा राग येतोय."

"आता काय केलं मी?"

"हेही तूच केलंस."

भावजय रस्त्यातच थांबली. तिला हसावं की नाही कळेना. ताईलाच आधी हसू फुटलं, तोंडावर हात ठेवून, खांदे गदगदेपर्यंत, आणि हसता हसताच तिने भावजयीच्या हातातली पिशवी ओढून आपल्याकडे घेतली. "आण इकडे. एवढं तरी मला करू दे."